वायरी काढणे

ईशान, गेल्या रविवारी तू आपल्या नव्या नोकरीबद्दल सांगत होतास आणि तुझं वाक्य अर्धवट असतानाच मी गायब झाले. मग तू रेवाला कळवलंस की आजीने फोन आपटला. मी आयुष्यात कोणावर फोन आपटलेला नाही. ज्यांच्यावर आपटावासा वाटला त्यांना मी पूर्ण वाक्यांत उत्तर दिलेलं आहे. झालं एवढंच की पूर्वेकडे अंधारून आलं, पहिला गडगडाट झाला आणि मी भिंतीतून इंटरनेटची वायर काढली. 'आजी, मी डब्लिनमध्ये घरी बसून एका बटणाने हजारो कॉम्प्युटरवर एकाच वेळी' इथे तू तुटलास. बरंच झालं. पुढचं मला ठाऊक होतं. त्या हजारोंच्या दुसऱ्या टोकाला मी एक अख्खा हंगाम बसलेली आहे.

तुम्हा दोघांना आपल्याकडचा पाऊस माहीत आहे तो सुट्टीतला. ऑक्टोबरचा पाऊस तुम्ही पाहिलेला नाही. तो समुद्राकडून येत नाही. सकाळभर ऊन असं की कापून ठेवलेलं भात हाताला चटका देतं, आणि समुद्र तेल ओतल्यासारखा गप्प. जेवणं होतात, भांडी पालथी पडतात, आणि घाटाच्या बाजूला कापसाच्या गाठोड्यासारखा एक ढग वर येतो. बघता बघता तो जांभळा होतो आणि गाव धावत सुटतं. कोणी मळणीवर ताडपत्री ओढतं, कोणी उकड्या भाताच्या चटया गुंडाळतं. 'गो, पेंढो भिजता मां, खंय बघतंस!' अशी एक हाक या कुंपणावरून त्या कुंपणावर जाते. भिजलेल्या पेंढ्याचा गोड, जरासा आंबूस वास घरात शिरतो. आणि घराघरांत एक हात भिंतीकडे जातो. फ्रीज, टीव्ही, पंप, सगळ्याच्या वायरी ओढल्या जातात, कारण ही वीज खांबावर पडते आणि तारेतून चालत घरात येते. माझी आजी अंगणात लोखंडी कोयती टाकायची, म्हणजे वीज तिच्यावर पडून जाईल. आम्ही वायरी काढतो. आपल्या गावाचं नावही वायरीच, हे लहानपणी तुम्हाला फार विनोदी वाटायचं. 'वायरीतल्या वायरी' म्हणून तुम्ही दोघं झोपाळ्यावर हसत सुटायचात. त्या विनोदाने पुढे केवढं काम केलं ते सांगायला बसले आहे.

ज्या हंगामाबद्दल लिहिते आहे त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात आमच्या वाचनालयात कॉम्प्युटर आले. पुण्याच्या एका परोपकारी संस्थेने किनाऱ्यावरच्या बऱ्याच वाचनालयांना ते दिले. मी चिटणीस म्हणून सही केली. ग्रंथपाल सुलभाने यंत्रांना हळदकुंकू लावलं, पेढे वाटले. मे महिन्यात रेवा आली होती. रेवा, तुला आठवत असेल, तू खिडकीजवळच्या यंत्रात एक वाचून दाखवणारा कार्यक्रम बसवून दिलास आणि बरीचशी पुस्तकंही भरून ठेवलीस. ते अंतोनसाठी.

अंतोन म्हणजे आपल्या चर्चच्या वाटेवरचा, जहाजावर वायरलेसवर होता तो. जन्मभर कानाला यंत्र लावून समुद्रापलीकडचं ऐकलेला माणूस. काचबिंदूने त्याची दृष्टी गेली तेव्हा त्याने डोळ्यांबद्दल फारशी तक्रार केली नाही. वाचता येत नाही म्हणून मात्र तो चिडायचा. चिडला की वाचनालयात येऊन जुन्या मासिकांचे गठ्ठे नुसतेच हाताळत बसायचा. रेवाने बसवलेला आवाज बाईचा होता. सपाट, शुद्ध आणि जरा कंटाळलेला. अंतोनने पहिल्याच दिवशी तिचं बारसं केलं.

'बाई,' तो मला म्हणाला, 'ही घाटावयली बाय दिसता. हिका “खंय” म्हणूक येणा नाय.'

'तुला समजतं ना ती काय म्हणते ते?'

'समाजता. आणि माका समाजला नाय तर परत सांगता. तुमच्यासारखी वराडणा नाय.'

मी त्याची कधी शिक्षिका नव्हते. पण गावात सगळेच मला बाई म्हणतात आणि सगळेच मी ओरडते असं धरून चालतात.

तो रोज दुपारी यायचा, टोपी मांडीवर ठेवायचा, कानाला हेडफोन लावायचा. बोटं कळांवर अशी चालायची की जणू अजून जहाजावर आहे. कधी एकटाच हसायचा. कधी 'आरे मेल्या!' म्हणायचा आणि शाळेच्या मुली दचकून वर बघायच्या. मी वर्तमानपत्र चाळत समोर बसायचे. एक माणूस वाचतो आहे हे बघत बसणं काही फार मोठं सुख नव्हे. पण आमच्या वाचनालयात ते दुर्मीळच होतं.

गणपती झाल्यावर वाचनालयात इंटरनेटची वायर आली आणि तिच्यातून पुणे आलं.

पहिल्या सकाळी सगळ्या पडद्यांवर बर्फाचा डोंगर उगवला. सुलभाने ठेवलेली आपल्या जत्रेची पालखी गेली, डोंगर आला. किनाऱ्यावरच्या सगळ्या वाचनालयांत तोच डोंगर, असं नंतर कळलं. ज्या गावांनी बर्फ पाहिलंय ते फक्त मासळीच्या पेटीत, त्यांच्या डोळ्यांसमोर रोज सकाळी हिमशिखर. दुसऱ्या दिवशी मराठी टंकलेखनाची कळपाटी बदललेली. तिसऱ्या दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात एक वाक्य येऊन बसलं: 'यातील काही गोष्टी तुमची संस्था नियंत्रित करते.' आमची संस्था म्हणजे मी, सुलभा आणि वाळवी लागलेलं एक कपाट. आम्ही तिघांनी काहीच नियंत्रित केलं नव्हतं.

सकाळी कुलूप काढून मी आत गेले की सुलभा दारातच सांगायची, 'बाई, वयरसून इलां.'

'काय आलं?'

'म्हायत नाय. पण इलां.'

'वयरसून', म्हणजे वरून. आपल्याकडे पाऊस वरून येतो, वीज वरून येते, शासनाचा आदेश वरून येतो आणि ताप आला तरी तो वरून कोणीतरी पाठवला असं म्हणणारे लोक आहेत. या सगळ्यांत सॉफ्टवेअर कधी जाऊन बसलं ते कळलंही नाही. रात्री, गाव झोपलेलं असताना, कोणी एक न पाहिलेला माणूस आमच्या यंत्रांत शिरायचा, नको ते ठेवायचा, हवं ते उचलायचा आणि सकाळी विचारायची सोय नाही. चोर आणि याच्यात फरक एवढाच की चोराला आपण चुकीचं करतो हे ठाऊक असतं.

तुम्ही म्हणाल आजीला शिस्त नको. मला शिस्तीचं वावडं असतं तर माझ्या फडताळातल्या बरण्यांवर चिठ्ठ्या नसत्या. पण माझ्या फडताळात मीठ मिठाच्या जागी असतं, कारण तिथे मी स्वयंपाक करते. पुण्यात बसून कोणी किनाऱ्यावरच्या सगळ्या स्वयंपाकघरांत मीठ एकाच फळीवर ठेवायला लागला, आणि ज्या घरात ती फळी नाही तिथे जमिनीवर ओतायला लागला, तर त्याला शिस्त म्हणत नाहीत. सावंतवाडीला आमच्या शाळेत व्याकरणाच्या एक बाई होत्या. त्या म्हणायच्या, मुलींनो, एकसारखं लिहिणं वेगळं आणि नीट लिहिणं वेगळं. आयुष्यभर मला ते फळ्यावरचं वाक्य वाटत आलं. त्या ऑक्टोबरात त्याचा अर्थ लागला.

एके दुपारी अंतोन बसला, हेडफोन लावले, कळ दाबली. पुन्हा दाबली. मग हेडफोन काढून फुंकले.

'सुलभा, आज बाय बोलणा नाय. रागावली काय गो?'

सुलभाने पाहिलं. बाय गेली होती. तिच्याबरोबर पुस्तकंही गेली होती. पडद्यावर एक सूचना होती: मंजूर संचात नसलेले कार्यक्रम काढून टाकण्यात आले आहेत. रेवा, त्या संध्याकाळी तू मेलबर्नहून किती वेळ सुलभाला सांगत होतीस, हे दाब, ते दाब. प्रत्येक वेळी यंत्र म्हणत होतं, तुम्हाला अधिकार नाही. ज्या यंत्राला हळदकुंकू आम्ही लावलं, ज्याची धूळ आम्ही पुसतो, ज्याचं वीजबिल वाचनालय भरतं, ते आम्हाला अधिकार विचारत होतं.

मी संस्थेला लिहिलं. इंग्रजीत, तीन परिच्छेद, एकही स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. एका दृष्टिहीन वाचकाची गरज आहे, कार्यक्रम फुकट आहे, निरुपद्रवी आहे, कृपया परत बसवू द्यावा. उत्तर आलं की सर्व केंद्रांवर एकसमान अनुभव देणे हे आमचे धोरण आहे. एकसमान अनुभव! अंतोनला खरोखरच एकसमान अनुभव मिळत होता. बर्फाचा डोंगर त्याला दिसत नव्हता आणि बाय ऐकू येत नव्हती, दोन्ही सारखंच. मी पुन्हा लिहिलं. या वेळी कोणा माणसाने उत्तर द्यायची तसदीही घेतली नाही. यंत्राकडूनच आलं: आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे. एवढ्या सभ्य शब्दांत कोणी मला आजवर हाकलून दिलेलं नाही.

पिंगुळीला कळसूत्री बाहुल्यांचा खेळ तुम्ही पाहिलेला आहे. दोऱ्या ओढणारा तिथेही वरच असतो, पण पडद्यामागे, चार हातांवर. बाहुलीचा हात अडकला तर त्याच्या बोटाला समजतं. पोरं हसली नाहीत तर त्याला ऐकू येतं. ईशान, तुझ्या बोटाला काय समजतं? हुकूम पोचला तर हिरवा ठिपका, नाही तर लाल. अंतोन हिरवा होता. यंत्र आज्ञेत होतं, संच मंजूर होता, आणि त्याच्यासमोर बसलेला माणूस टोपी मांडीवर घेऊन काहीच न ऐकता बसला होता.

मग मी त्याला वाचून दाखवायला लागले. वर्तमानपत्र वाचलं, मासिकातली एक कथा वाचली. तो मान हलवायचा, 'बरां, बरां' म्हणायचा. काही दिवसांनी यायचा बंद झाला. मी त्याच्या घरी गेले. तो पडवीत सुपारी कातरत बसला होता, तीही डोळस माणसापेक्षा पातळ.

'वाचून दाखवते तर येत का नाहीस?'

'तुमी बरां वाचतास, बाई. पण बाईंका पुरे म्हणूक माजी जीभ उचलणा नाय. तिका मी कळ दाबून गप करी होतंय. पानां उडवी होतंय. तुमची पानां कशी उडवू?'

'सांग ना, उडवेन मी.'

'आणि पुस्तक कसला होता ता तुमका म्हायत नाय.'

'कसलं?'

'खुनाचा.' त्याने आणखी एक चकती कातरली. 'आणि दर दोन पानांनी एक बाय न्हाता.'

रेवा, तू कसली पुस्तकं भरली होतीस ते मला त्या पडवीत कळलं. मी हसले नाही. 'मग खून कोणी केला?' एवढंच विचारलं.

'ताच तर ऱ्हवला!' त्याने अडकित्ता खाली ठेवला. 'डॉक्टर मेलो. बायल पळाली. भाव खोटा बोलता. आणि थंयच पुण्याच्या मेल्यांनी बायेचो गळो आवळलो. शिरा पडो तेंच्या तोंडार!'

मी त्याला माझा लॅपटॉप देऊ केला. त्याने मान हलवली. 'तो तुमचो. वाचनालयाचो तो माजो.' मी पुन्हा आग्रह केला नाही. कोणाच्या मेहेरबानीवर नाही, कोणाला न सांगता, हवं ते, हवं तिथे थांबून वाचायचं, ही गोष्ट त्याला म्हातारपणी परत मिळाली होती आणि कोणा एकाच्या एकसमान हौसेपायी हिरावली गेली होती. मी वाटेने परतले ती शेतातल्या लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने इंग्रजीत पुटपुटत.

इकडे पुण्याची वेगळीच तक्रार होती. त्यांचे हुकूम रात्री सुटत आणि आमची यंत्रं बऱ्याच रात्री मेलेली असत, कारण आपल्याकडे संध्याकाळी ढग आले की सगळ्या वायरी निघतात. मी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहून स्विचच्या बोर्डावर चिकटवलं होतं: 'गडगडाट होताच वायरी काढणे' आणि खाली सही. त्यामुळे पुण्याच्या पडद्यावर आम्ही लाल दिसायचो. एका दुपारी मोठं वादळ जमून आलं असताना तिकडच्या माणसाचा फोन आला. सुलभा टेबलाखाली वायरी ओढत होती, म्हणून तिने फोन जमिनीवर ठेवून स्पीकरवर टाकला. बाहेर गडगडत होतं. सुलभा आपल्या ऑफिसच्या मराठीत बोलत होती.

'कोणतं केंद्र?'

'वायरी.'

'मॅडम, तुमची सगळी यंत्रं परत लाल आहेत. काय चाललंय?'

'वायरी काढून झालं!'

'काय झालं?'

'वायरी! काढून झालं!'

'वायरी काढलं? अहो, असं कोणी सांगितलं?'

'बाईंनी सांगितलंय वायरी काढायला.'

पलीकडचा आवाज बदलला. 'म्हणजे... मोठ्या मॅडमनी?'

'हो, त्याच. इथेच बसल्यात.'

'तिथे आल्यात?' तो खुर्चीतून उठला असावा असं वाटलं. 'नाही, म्हणजे, लेखी काही आहे का?'

'आहे की. बोर्डावर आहे.'

'बोर्डावर आलंय?'

'केव्हाचंच! बाईंच्या सहीने.'

'अरे बापरे. नाही नाही, मग माझं काहीच म्हणणं नाही. मॅडमना नमस्कार सांगा.'

सुलभा टेबलाखालून बाहेर आली, केसांत जळमट. 'बाई, तुमका नमस्कार सांगल्यान. आज एकदम बरो बोललो मेलो.' मलाही तेव्हा काही उमगलं नाही. एवढ्या साध्या गोष्टीला त्याने इतकं का घाबरावं, एवढंच मनात आलं.

उमगलं ते पत्र आल्यावर. विषय: वायरी काढणे. मजकूर असा की विश्वस्त मंडळाच्या निर्णयानुसार वायरी केंद्र केंद्रीय यादीतून काढण्यात येत असून तेथील यंत्रे यापुढे त्या वाचनालयाच्या स्वाधीन राहतील. त्याने बिचाऱ्याने वायरी काढली होती. अख्खी. मोठ्या मॅडम म्हणजे त्यांच्या अध्यक्षा, आणि बोर्ड म्हणजे त्यांचं मंडळ. माझी तीन परिच्छेदांची इंग्रजी विनंती ज्याच्या दारावर आपटून परत आली, तो माणूस मॅडम आणि बोर्ड हे दोन शब्द ऐकताच ताठ उभा राहिला. ना त्याने कोणाला विचारलं, ना खात्री केली. वरून आलेलं खाली ढकलायचं, एवढंच त्याला शिकवलेलं होतं. वर नुसता आवाज झाला तरी त्याचं भागायचं.

तुम्ही विचाराल, मी त्यांची चूक कळवली का? नाही. आलेल्या पत्राचं पालन करणे हे आमचं धोरण आहे.

सुलभाने वायरी परत जोडल्या. वरून आलेला शेवटचा हुकूम असा होता की यापुढे हुकूम येणार नाहीत. कोपऱ्यातलं ते वाक्य गेलं. संध्याकाळी रेवाने पुन्हा सगळं सांगितलं, हे दाब, ते दाब, आणि या वेळी यंत्राने कोणाचाही अधिकार विचारला नाही. डोंगर मात्र तसाच राहिला. सुलभाला आता तो आवडायला लागला होता.

ईशान, तू वाईट मुलगा नाहीस. तू रोज सकाळी हजारो खोल्यांत शिरतोस, याचा तुला अभिमान वाटतो. मला एवढंच म्हणायचं आहे की त्यांतल्या एकाही खोलीत तू कधी बसलेला नाहीस. तिथे कोण बसतं, त्याने काय अर्धवट वाचून ठेवलं आहे, ते तुझ्या पडद्यावर येत नाही. न आलेल्या गोष्टींना तू 'काही नाही' असं म्हणतोस. हा धंदा तू करतोस म्हणून त्याच्याबद्दलचं माझं मत सौम्य होईल अशी अपेक्षा ठेवू नकोस. दिवाळीला आलास तर वाचनालयात चल, एक दुपार नुसता बस. लॅपटॉप घरी ठेवून.

मी दुसऱ्याच दिवशी अंतोनला निरोप पाठवला. मी स्वतः मात्र मुद्दाम उशिरा गेले. खरं सांगायचं तर मला त्याच्या तोंडून दोन शब्द ऐकायचे होते. पुण्याला कसं हरवलं ते मला त्याला रंगवून सांगायचं होतं, मॅडम आणि बोर्डासकट. तो खिडकीजवळ बसला होता, टोपी मांडीवर, हेडफोन कानाला. मान पुढे, तोंड किंचित उघडं. मी जवळ जाऊन म्हटलं, 'काय अंतोन, आली का बाय?'

त्याने मान वळवली नाही. फक्त डावा पंजा वर केला. थांबा. आपण कोणाला थांबवतो आहोत याची चौकशीही केली नाही.

पंजा खाली आला, बोट पुन्हा कळेवर गेलं, आणि मी तिथे आहे हे तो विसरला. मग मी चपला हातात घेतल्या आणि पायांचा आवाज होऊ न देता बाहेर आले.